‘शंभर वर्षांतून एकदा’ येणारा पूर आणि सरकारी निर्णयांमागचे जोखमीचे गणित

एखाद्या नदीला महापूर येतो, शेकडो घरे पाण्याखाली जातात आणि दुसऱ्या दिवशी संबंधित खात्याचे अधिकारी सांगतात की हा शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर होता. ऐकणारा मनाशी म्हणतो, चला, म्हणजे आपल्या हयातीत तरी असा पूर पुन्हा बघावा लागणार नाही. आठच वर्षांनी पाणी पुन्हा तेवढेच चढते, तेव्हा त्याला वाटते की एक तर अधिकारी खोटे बोलत होते किंवा त्यांना स्वतःच्या विषयातले काही कळत नव्हते.

बहुतेक वेळा यांपैकी काहीच खरे नसते. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा तांत्रिक अर्थ इतकाच, की तेवढा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता कोणत्याही एका वर्षात शंभरात एक आहे. नदीला मागच्या वर्षीचे आठवत नाही, त्यामुळे या वर्षी पूर येऊन गेला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता घटत नाही. घराचे कर्ज फिटायला लागणारी तीस वर्षे हिशेबाला धरली, तर त्या काळात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के निघते. शंभर वर्षे धरली तर ६३ टक्के. हा शब्दप्रयोग सरकारी भाषेतून काढूनच टाकावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तो ऐकणाऱ्याच्या मनात नेमकी उलटी समजूत उभी करतो. ‘तीस वर्षांत चारात एक’ असे सांगितले असते, तर लोकांनी घर बांधताना जोत्याची उंची तरी वाढवली असती.

पुलाचा गाळा किती उंच असावा, पिण्याच्या पाण्यात एखादे विष किती चालावे, नवी लस कोणत्या वयाला द्यावी, या सगळ्या निर्णयांमागे असेच आकडे असतात. ते काढण्याच्या पद्धतीला जोखीम मूल्यमापन म्हणतात. ही पद्धत कशी चालते, तिच्यातून काय कळते आणि काय कळत नाही, हे या लेखात पायरीपायरीने पाहू.

धोका वेगळा, जोखीम वेगळी

रोजच्या बोलण्यात आपण हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतो, पण या क्षेत्रात काम करणारे लोक त्यांत काटेकोर फरक करतात. ज्या गोष्टीत इजा करण्याची ताकद आहे, ती गोष्ट म्हणजे धोका. ती इजा प्रत्यक्षात होण्याची शक्यता किती आणि झालीच तर ती केवढी, या दोहोंचा एकत्र विचार म्हणजे जोखीम.

कठडा नसलेली एक खोल विहीर डोळ्यांपुढे आणा. ती ओसाड माळावर असली काय किंवा शाळेच्या अंगणात असली काय, तिची खोली तीच असल्यामुळे धोकाही तोच आहे. जोखमीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो, कारण माळावर वर्षभर कोणी फिरकत नाही आणि अंगणात रोज शेकडो मुले धावतात. शिवाय पोहता येणारा प्रौढ माणूस आत पडला तर त्याची जी गत होईल, ती चार वर्षांच्या मुलाची होणार नाही. म्हणजे जोखीम तीन गोष्टींनी ठरते: धोका किती ताकदीचा आहे, त्याच्या टप्प्यात किती लोक किती काळ येतात आणि त्या लोकांची तो सोसण्याची शक्ती किती आहे.

हा फरक पुस्तकी वाटेल, पण धोरण त्यावरच उभे राहते. विहीर बुजवता येते, तिला कठडा बांधता येतो, मुलांना पोहायलाही शिकवता येते. जोखीम तिन्ही उपायांनी कमी होते. त्यांचा खर्च वेगळा असतो आणि तो कोणाच्या खिशातून जातो हेही वेगळे असते. ज्या खात्याच्या हाती फक्त बंदीचा अधिकार आहे, त्याला अनेकदा विहीर बुजवण्यापलीकडचे काही सुचत नाही.

वाचकांना वारंवार गोंधळात टाकणाऱ्या एका बातमीचा उलगडाही इथेच होतो. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेले मांस तंबाखूच्याच गटात टाकले, तेव्हा हे मांस खाणे धूम्रपानाइतकेच घातक आहे असा अर्थ अनेकांनी काढला. ही संस्था पदार्थांची वर्गवारी करते ती धोक्याच्या पुराव्यानुसार. अमुक पदार्थामुळे कर्करोग होऊ शकतो याचा पुरावा किती भक्कम आहे, हे तो गट सांगतो. किती खाल्ल्यावर किती जणांना होईल, हा प्रश्न त्या वर्गवारीच्या कक्षेतच येत नाही.

आर्सेनिक आणि चार पायऱ्या

१९८३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने सरकारी खात्यांसाठी या कामाची एक चौकट आखून दिली आणि आज जगभरातील बहुतेक खाती थोड्याफार फरकाने तीच वापरतात. तिच्यात चार पायऱ्या आहेत. त्या नुसत्या सांगण्यापेक्षा पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकच्या उदाहरणातून पाहणे सोपे जाईल. अमेरिकेत त्याची कमाल मर्यादा १९४२ पासून लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम होती आणि १९९०च्या दशकात ती बदलावी का, हा प्रश्न उभा राहिला.

पहिली पायरी धोका ओळखण्याची. आर्सेनिकयुक्त पाणी दीर्घकाळ पिण्यात आले तर मूत्राशयाचा, फुप्फुसाचा आणि त्वचेचा कर्करोग होतो, याचे पुरावे उपलब्ध होते. या पायरीवर फारसा वाद झाला नाही.

दुसरी पायरी मात्रा आणि परिणाम यांचे नाते शोधण्याची असते, आणि खरी अडचण इथेच येते. सर्वांत उपयुक्त माहिती तैवानच्या नैर्ऋत्य भागातील गावांमधून आली होती. तिथले लोक कित्येक दशके खोल विहिरींचे पाणी पीत होते आणि त्यात आर्सेनिकचे प्रमाण लिटरमागे शेकडो मायक्रोग्रॅम होते. एवढ्या मोठ्या मात्रेचे परिणाम डोळ्यांना दिसले. प्रश्न मात्र १०, २० किंवा ५० मायक्रोग्रॅमचा होता आणि त्या पातळीला होणारी थोडीशी वाढ इतर कारणांनी होणाऱ्या कर्करोगांच्या गर्दीत शोधून काढणे फार कठीण असते. त्यामुळे वरच्या मात्रांवरून खाली रेघ ओढावी लागते. ती सरळ शून्यापर्यंत जाते की एखाद्या ठिकाणी वळते, म्हणजे अमुक मात्रेखाली शरीर स्वतःच विष निपटून टाकते, हे पुरावा ठामपणे सांगत नाही. शास्त्रज्ञांना इथे गृहीतक निवडावे लागते. तैवानच्या अभ्यासाविषयी इतरही शंका होत्या. कोण किती पाणी प्यायले याच्या व्यक्तिगत नोंदी नव्हत्या, गावागावाची सरासरी होती. आणि तिथल्या लोकांच्या अन्नातूनही आर्सेनिक पोटात जात होते.

तिसरी पायरी संपर्क मोजण्याची असते: किती लोक, कोणत्या पाण्यातून, दिवसाला किती लिटर, किती वर्षे. चौथ्या पायरीत आधीच्या तिन्ही गोष्टी एकत्र आणून जोखमीचे चित्र उभे केले जाते आणि आपल्याला कशाची किती खात्री आहे, हेही त्यात स्पष्ट लिहावे लागते. माझ्या मते या चौथ्या पायरीची अखेरची पाने, जिथे अनिश्चितता नोंदवलेली असते, ती साऱ्या अहवालात सर्वांत मोलाची असतात. दुर्दैवाने मंत्र्याच्या टेबलावर जाणाऱ्या दोन पानी टिपणातून सर्वांत आधी तीच गळतात.

शून्य, तीन, पाच की दहा?

चार पायऱ्या पुऱ्या झाल्या तरी मर्यादा किती ठेवायची याचे उत्तर त्यांतून आपोआप बाहेर पडत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या त्या निर्णयात चार वेगवेगळे आकडे आले आणि ते चारही आपापल्या जागी बरोबर होते. आरोग्याच्या दृष्टीने आदर्श ध्येय शून्य होते. उपलब्ध तंत्रज्ञानाने गाठता येण्याजोगी पातळी ३ मायक्रोग्रॅम होती. जून २००० मध्ये संस्थेने जो प्रस्ताव मांडला त्यात ५ होते. जानेवारी २००१ मध्ये जाहीर झालेली मर्यादा १० होती.

तीन शक्य असताना दहा का? कारण खालच्या प्रत्येक पायरीला खर्च वाढत जातो आणि वाचणाऱ्या माणसांची संख्या त्या प्रमाणात वाढत नाही. हा खर्च सर्वांवर सारखा पडत नाही, हा आणखी एक भाग. मोठ्या शहरात पाणी शुद्ध करण्याचा खर्च लाखो घरांत वाटला जातो आणि प्रत्येक घराला तो जेमतेम जाणवतो. शे-दीडशे लोकांच्या वस्तीत तसल्याच यंत्रणेसाठी एकेका घरावर वर्षाला शेकडो डॉलरचा बोजा येतो. खर्चाच्या मानाने लाभ पुरेसा नसेल तर शक्य असलेल्या पातळीपेक्षा सैल मर्यादा ठेवण्याची मुभा १९९६ च्या कायदादुरुस्तीने दिली होती आणि संस्थेने ती वापरली.

पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. सरकार बदलले, नव्या प्रशासनाने मार्च २००१ मध्ये निर्णय रोखून धरला आणि फेरतपासणी मागितली. त्या तपासणीत तज्ज्ञांनी सांगितले की जोखीम आधीच्या अंदाजापेक्षा कमी नसून जास्तच आहे. ऑक्टोबरअखेरीस १० चीच मर्यादा कायम झाली आणि २००६ पासून ती पाळणे बंधनकारक झाले. हा आकडा प्रयोगशाळेत सापडलेला नाही. विज्ञान, तंत्रज्ञान, पैसा आणि कायदा यांच्या चौकात उभे राहून तो ठरवला गेला. म्हणूनच जोखीम मोजणे आणि जोखमीचे काय करायचे ते ठरवणे ही कामे वेगळी ओळखू यावीत, असा १९८३ च्या त्या चौकटीचा आग्रह होता. कोणी मंत्री ‘विज्ञानानेच हा आकडा दिला’ असे म्हणतो, तेव्हा निवडीची जबाबदारी तो अशा लोकांवर ढकलत असतो ज्यांना जनतेने निवडून दिलेले नाही.

माणसाच्या जिवाची किंमत लावायची?

इथे अनेकांच्या अंगावर काटा येतो आणि तो येणे स्वाभाविक आहे. खर्च आणि लाभ एकाच तराजूत घालायचे, तर वाचलेल्या जिवांना पैशांत काहीतरी मोल द्यावे लागते. आर्सेनिकच्या हिशेबात हे मोल सुमारे ६१ लाख डॉलर धरले होते.

एखाद्या ठरावीक माणसाला वाचवायला एवढेच पैसे खर्च करू, असा या आकड्याचा अर्थ नाही. समजा, एक लाख लोकांपैकी प्रत्येकाची मृत्यूची जोखीम लाखात एकाने कमी करणारा उपाय आहे आणि त्यासाठी प्रत्येक जण साधारण साठ डॉलर द्यायला तयार आहे. सर्वांचे मिळून साठ लाख डॉलर होतात आणि त्या एक लाख लोकांत सरासरीने एक जीव वाचतो. तो कोणाचा, हे कोणालाच कधी कळत नाही. आपण स्वतःही नकळत असेच हिशेब करतो. जास्त सुरक्षित पण महाग वाहन घ्यायचे की नाही हे ठरवताना आपण थोड्याशा जोखमीची किंमतच ठरवत असतो.

मोल न लावण्याचा मार्ग अधिक माणुसकीचा वाटतो, पण तसे केल्याने मोल लावणे थांबत नाही, ते फक्त दिसेनासे होते. वळणावर कठडा बसवायला नकार देणाऱ्या खात्यानेही त्या रस्त्यावरच्या जिवांचे मोल ठरवलेलेच असते, आणि ते कुठेही लिहिलेले नसल्यामुळे त्याला कोणी जाब विचारू शकत नाही. तरीही या पद्धतीवरचा एक आक्षेप मला पूर्णपणे रास्त वाटतो. गरीब माणूस जोखीम टाळण्यासाठी कमी पैसे मोजू शकतो, म्हणून त्याच्या जिवाचे मोल कमी धरले, तर सगळे घातक कारखाने गरिबांच्याच वस्तीत जाऊन बसतील आणि कागदावरचा हिशेब मात्र बिनचूक दिसेल. म्हणूनच अनेक देशांतील खाती उत्पन्न न बघता सर्वांसाठी एकच आकडा वापरतात. तो गणिताचा निष्कर्ष नाही; सर्व नागरिक समान आहेत या तत्त्वातून आलेला तो निर्णय आहे.

किती जोखीम सोसण्याजोगी?

शून्य जोखीम अशी काही गोष्ट नसते, हे मान्य केले की रेघ कुठे ओढायची हा प्रश्न उरतो. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा खात्याने २००१ मध्ये याविषयी आपली भूमिका लेखी मांडली. कामगाराच्या बाबतीत वर्षाला हजारात एक मृत्यूची जोखीम ही सोसण्याची शेवटची हद्द आणि ज्यांना त्या कामातून काहीच मिळत नाही अशा सामान्य लोकांसाठी दहा हजारांत एक. दहा लाखांत एकपेक्षा कमी जोखीम असेल, तर ती लोकांना साधारणपणे चालण्याजोगी मानता येते.

हे आकडे मनात भरावेत म्हणून एक नाणे घ्या. सलग दहा वेळा उडवून दहाही वेळा छाप पडण्याची शक्यता साधारण हजारात एक असते. सलग तेरा वेळा छाप पडण्याची शक्यता दहा हजारांत एकच्या आसपास जाते. सलग वीस वेळा छाप पडणे म्हणजे दहा लाखांत एक. वीस छापांची भीती कोणी बाळगत नाही. पण दहा हजार कामगारांपैकी प्रत्येकाची जोखीम हजारात एक असेल, तर वर्षाला सरासरी दहा अंत्ययात्रा निघतील, आणि त्या घरांना ही शक्यता किती लहान होती हे सांगून काही उपयोग नाही.

वरची हद्द आणि खालची हद्द यांच्यामध्ये जो पट्टा उरतो, त्यातच बहुतेक सगळे व्यवहार येतात. तिथे ब्रिटिश कायद्याचा नियम असा, की जोखीम वाजवी प्रयत्नांनी जितकी कमी करता येईल तितकी केलीच पाहिजे. वाजवी म्हणजे किती, याचा खुलासा १९४९ मध्ये एका खाण कामगाराच्या मृत्यूच्या खटल्यात झाला. त्या निकालानुसार, उपायाचा खर्च आणि त्रास जोखमीच्या मानाने फारच अवाजवी असेल, तरच मालकाला तो टाळता येतो. खर्च लाभापेक्षा थोडा जास्त आहे, एवढे कारण पुरत नाही. तराजू मुद्दाम कामगाराच्या बाजूने झुकता ठेवलेला आहे आणि तो तसाच असायला हवा, कारण जोखीम त्याच्या अंगावर असते आणि नफा दुसऱ्याच्या हाती जातो.

सरासरीच्या आड कोण दडते?

एप्रिल २०२१ मध्ये युरोपात ॲस्ट्राझेनेकाच्या कोविड लशीमुळे क्वचित रक्ताच्या घातक गुठळ्या होतात, हे लक्षात आले. एकूण लोकसंख्येचा विचार केला तर लशीचा फायदा तोट्यापेक्षा कितीतरी मोठा होता आणि बहुतेक अधिकारी तेच सांगत होते. ब्रिटनमध्ये मात्र केंब्रिज विद्यापीठातील एका गटाने हिशेब वयानुसार उलगडून दाखवला.

त्या वेळी ब्रिटनमध्ये संसर्ग बराच कमी होता. अशा स्थितीत साठ ते एकोणसत्तर वयाच्या एक लाख लोकांमागे सोळा आठवड्यांत अतिदक्षता विभागात जाण्यापासून वाचणारे १४.१ आणि लशीमुळे गंभीर इजा होणारे ०.२ असा अंदाज निघाला. वीस ते एकोणतीस वयोगटात वाचणारे ०.८ आणि इजा होणारे १.१. म्हणजे तरुणांच्या बाबतीत पारडे किंचित उलटे झुकत होते. संसर्ग वाढला असता, तर याच तरुणांसाठीही फायदा पुन्हा जड झाला असता. ७ एप्रिलला ब्रिटनच्या लसीकरण समितीने तिशीखालील निरोगी व्यक्तींना शक्यतो ॲस्ट्राझेनेकाऐवजी वेगळी लस देण्याचा सल्ला दिला आणि ते तक्ते पत्रकार परिषदेत लोकांपुढे ठेवण्यात आले.

या प्रसंगाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. असे आकडे दाखवले तर लोक घाबरून सगळ्याच लशी नाकारतील, असा सल्ला अशा वेळी नेहमीच दिला जातो. तो न मानता लोकांना पूर्ण हिशेब दाखवला गेला. आणि कोणताही आकडा हाती आला की पहिला प्रश्न कोणता विचारायचा, तेही यातून कळते: ही सरासरी कोणाची? तिच्यात आजारी, गरोदर, वृद्ध, धोक्याच्या अगदी शेजारी राहणारे असे कोण मिसळून गेले आहेत?

जे यादीतच नव्हते

अनेक सरकारे संभाव्य संकटांची एक यादी ठेवतात आणि प्रत्येक संकट एका चौकटीवर मांडतात. आडव्या रेषेवर शक्यता, उभ्या रेषेवर परिणाम, आणि घरांना हिरवा, पिवळा, लाल रंग. ही पद्धत सोयीची आहे, पण ती नजर बांधून टाकते. वर्षाला दहा माणसे वेगवेगळ्या अपघातांत दगावणे आणि शंभर वर्षांत एकदा हजार माणसे एका रात्रीत जाणे, यांची वार्षिक सरासरी एकच येते. समाजाच्या दृष्टीने या दोन गोष्टी कधीच एक नसतात, कारण दुसऱ्या प्रकारात एक अख्खे गाव, त्याचे दवाखाने आणि त्याला सावरणारे हात एकदमच नाहीसे होतात.

याहून मोठी अडचण चौकटीत काय मांडले आहे याची असते. ब्रिटनने २००८ पासून आपली यादी जनतेसाठी प्रसिद्ध केली, हे कौतुकास्पदच होते. २०१७ च्या यादीत इन्फ्लुएन्झाच्या महासाथीत २० हजार ते साडेसात लाख मृत्यू होऊ शकतात असे नमूद होते. नव्याने उद्भवणाऱ्या इतर संसर्गजन्य रोगांत मात्र शंभरपर्यंतच मृत्यू धरले होते. कोविड या दुसऱ्या प्रकारातला निघाला. जुलै २०२४ मध्ये सार्वजनिक चौकशीच्या पहिल्या अहवालाने निष्कर्ष काढला की देशाने चुकीच्या महासाथीची तयारी केली होती. महासाथ येणार हे ठाऊक होते. तिचे एकच रूप कल्पून सगळी तयारी त्याच्याभोवती बांधली गेली, ही चूक झाली.

जिथे शक्यता मोजता येते तिथे जोखीम असते. जिथे मोजायला आधारच नसतो, तिथे अनिश्चितता असते. अर्थतज्ज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्येच हा फरक मांडला होता आणि सरकारी कागदांत तो अजूनही वारंवार पुसला जातो. अनिश्चिततेच्या प्रदेशात आकड्यांचा आव आणण्यापेक्षा सावधगिरीचे तत्त्व वापरावे, असे अनेक देशांनी मान्य केले आहे. १९९२ च्या रिओ जाहीरनाम्यात ते असे आहे: पर्यावरणाची गंभीर किंवा भरून न येणारी हानी होण्याची भीती असेल, तर शास्त्रीय खात्री पूर्ण नाही या सबबीवर परवडणारे उपाय लांबणीवर टाकू नयेत. अशाने प्रत्येक नवी गोष्ट अडेल, असा आक्षेप यावर घेतला जातो. तत्त्व आंधळेपणाने वापरले तर तो खरा ठरतो, कारण औषधाला परवानगी न देण्यातही जोखीम असते. ती फक्त अशा रुग्णांच्या वाट्याला येते ज्यांची नावे कोणत्याच फाइलमध्ये येत नाहीत. म्हणून ‘भरून न येणारी’ या शब्दांवर सगळा भर द्यायला हवा. निर्णय चुकला तर मागे फिरता येते की नाही, ही खरी कसोटी आहे.

‘काळजीचे कारण नाही’

इटलीतील लाक्विला शहराला २००९ च्या सुरुवातीला कित्येक आठवडे भूकंपाचे लहान धक्के बसत होते. ३१ मार्च रोजी देशाच्या जोखीमविषयक समितीची तिथे बैठक झाली आणि त्या सुमारास एका अधिकाऱ्याने लोकांना दिलासा देणारी विधाने केली. ६ एप्रिलच्या पहाटे मोठा भूकंप झाला आणि ३०९ माणसे मरण पावली. धक्का बसला की रात्र बाहेर काढायची ही आपली जुनी रीत त्या दिलाशामुळे सोडली आणि घरातच थांबलो, अशा साक्षी पुढे न्यायालयात झाल्या. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी दोषी ठरले. २०१४ मध्ये अपिलात शास्त्रज्ञ निर्दोष सुटले आणि अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली.

भूकंपाचे भाकीत करता आले नाही म्हणून कोणाला शिक्षा व्हावी, असे कोणताही समंजस माणूस म्हणणार नाही. वादाचा गाभा वेगळा होता. लहान धक्क्यांवरून मोठा भूकंप सांगता येत नाही, हे शास्त्रीय विधान अचूक आहे. ‘सांगता येत नाही’ याचे लोकांपर्यंत पोहोचेपर्यंत ‘होणार नाही’ असे रूपांतर झाले, आणि जुन्या दगडी घरांची सोसण्याची शक्ती किती कमी आहे हा विहिरीच्या उदाहरणातला तिसरा घटक बोलण्यात मागे पडला. लोक घाबरतील या भीतीने जोखीम सौम्य करून सांगणारे अधिकारी लोकांना मुलांसारखे वागवतात, आणि त्याची किंमत पुढच्या वेळी मोजावी लागते, जेव्हा खऱ्या इशाऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

आकडा कायद्यात उतरतो तेव्हा

सुरुवात पुरापासून केली, तेव्हा पुराचेच एक उदाहरण शेवटी घेतो, कारण जोखीम किती सोसायची हे उघडपणे ठरवले तर काय होते, ते त्यात दिसते. ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारी १९५३ च्या दरम्यानच्या रात्री उत्तर समुद्राच्या वादळाने नेदरलँड्समधील बांध फोडले आणि तिथे १,८३६ माणसे बुडून मेली. त्यानंतर नेमलेल्या आयोगाने बांध आणखी किती उंच करावेत हे अंदाजपंचे ठरवले नाही. डेव्हिड फान डांट्सिग या गणितज्ञाने बांध उंच करण्याचा खर्च आणि तो फुटल्यास होणारे नुकसान यांचा मेळ घालणारा हिशेब मांडला. दाट वस्तीच्या मध्य हॉलंडसाठी वर्षाला दहा हजारांत एक इतकी शक्यता असलेली पाण्याची पातळी प्रमाण मानली गेली. किनाऱ्याच्या इतर भागांसाठी चार हजारांत एक, आणि पुढे नद्यांकाठी १,२५० मध्ये एक.

ही तफावत ऐकून प्रश्न पडतो की नदीकाठच्या माणसाचा जीव स्वस्त आहे का. नदीचा पूर आधी दिसतो आणि लोकांना हलवायला वेळ मिळतो, समुद्राचे तुफान तेवढा वेळ देत नाही, असे त्याचे एक उत्तर होते. तरीही प्रश्न मिटला नाही. शिवाय जुने प्रमाण फक्त पाण्याच्या पातळीचे होते. बांधाखालून पाणी झिरपून माती वाहून जाते आणि उंच बांधही खचतो, ही शक्यता त्यात नीट धरलेली नव्हती. २०१७ पासून कायदा बदलला. आता हिशेब प्रत्यक्ष पूर येण्याचा होतो, आणि बांधाआड राहणारा माणूस देशाच्या कोणत्याही भागात राहत असला तरी पुराने मरण्याची त्याची जोखीम वर्षाला एक लाखात एकपेक्षा जास्त नसावी, असे मूळ प्रमाण सर्वांना लागू आहे. जिथे एकाच वेळी खूप माणसे दगावू शकतात किंवा नुकसान फार मोठे होईल, तिथे याहूनही कडक प्रमाण आहे. सगळे बांध या प्रमाणात बसवण्यासाठी २०५० ही मुदत आहे आणि तोपर्यंत दर बारा वर्षांनी प्रत्येक बांध तपासून त्याचा अहवाल संसदेपुढे ठेवावा लागतो, म्हणजे कोणता पट्टा अजून एक लाखात एकच्या पलीकडे आहे हे तिथल्या रहिवाशाला पाणी यायच्या आधी वाचता येते.